वरळीची रिंग आणि कल्याणची पैलवान

कल्याणहून कर्जतकडे लोकल निघाली की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्टेशने ओळीने येतात. या पट्ट्यातल्या जुन्या माणसाला कुस्ती ठाऊक आहे ती गावजत्रेतली. दुपारी पोराटोरांच्या नारळावरच्या कुस्त्यांनी सुरुवात व्हायची, मग इनामाची रक्कम चढत जायची आणि दिवस मावळता मावळता शेवटची मोठी जोड सुटायची. खर्च गावकीचा, बघायला सगळे मोकळे. मुंबईत मात्र स्वातंत्र्यानंतर कुस्तीचा वेगळाच धंदा उभा राहिला. तिकीट काढून बघायची फ्रीस्टाइल. त्या धंद्यातले एक मोठे नाव उतारवयात याच रेल्वेमार्गाच्या तोंडाशी, कल्याणला, दूध विकत होते. ते नाव म्हणजे हमीदा बानू.

हा धंदा उगाच उभा राहिला नाही. संस्थाने विलीन झाली आणि पैलवानाचा खुराक सांभाळणारे राजे गेले. फाळणीनंतर गामा पैलवान आणि त्यांच्या पुतण्यांचे घराणे पाकिस्तानात राहिले. इथल्या पैलवानाला पोटासाठी तिकीट काढणारा प्रेक्षक हवा होता आणि तो मुंबईत भरपूर होता. १९५४ साली मुंबईत टायगर जोगिंदर सिंगला हरवून दारासिंग 'रुस्तम-ए-हिंद' झाला. सव्वासहा फुटांच्या आसपास उंची, सव्वाशे किलोंच्या वर वजन आणि चेहऱ्यावर कमालीचा सभ्यपणा. समोर किंगकाँग. खरे नाव एमिल झाया, जन्म आजच्या रुमानियातला, मुक्काम सिंगापूरचा, वजन पावणेदोनशे किलोंच्या वर. आयोजकाला याहून चांगली जोड कुठे मिळणार? वरळीचे वल्लभभाई पटेल स्टेडियम पुढे या कुस्त्यांसाठी ओळखले जाऊ लागले. मातीऐवजी दोरखंडांची रिंग आली. पाठ टेकली की कुस्ती संपली हा आपला हिशेब मागे पडला आणि पंचाची मोजणी आली. दारासिंगचा 'इंडियन डेथलॉक' लागला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे पाय त्याने कैचीत अडकवून मुरगाळले, की प्रेक्षक उभा राहायचा. दोन पिढ्या मराठी घरांत दंड दाखवणाऱ्या पोराला 'मोठा दारासिंग लागून गेलास' हेच ऐकायला मिळाले.

कुस्त्या ठरवून होतात ही कुजबुज पहिल्यापासून होती आणि तिचा सगळ्यात मोठा भुर्दंड एका बाईने भरला. अलीगढहून आलेल्या हमीदा बानूने 'मला हरवा आणि माझ्याशी लग्न करा' असे आव्हान पुरुष पैलवानांना दिले होते. मे १९५४ मध्ये बडोद्यात तिने बाबा पैलवानाला एक मिनिट ३४ सेकंदांत चीत केले. त्याच वर्षी मुंबईत रशियाची 'अस्वलीण' म्हणून गाजवलेली व्हेरा चिस्टिलिन तिच्यासमोर मिनिटभरही टिकली नाही. हमीदाची उंची पाच फूट तीन इंच, वजन १०८ किलो. तिच्या रोजच्या खुराकाची यादी वर्तमानपत्रे छापत: साडेपाच लिटरांवर दूध, एक कोंबडी, किलोभर मटण, अर्धा किलो लोणी, सहा अंडी, वर दोन प्लेट बिर्याणी.

आपल्याकडे तिचे स्वागत कसे झाले हे लिहिताना वाईट वाटते. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याबरोबरची तिची कुस्ती स्थानिक कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाली. कोल्हापुरात तिने पुरुषाला हरवले आणि प्रेक्षकांनी दगडफेक केली. तिच्या कुस्त्यांवर बंदी आली तेव्हा त्याची तक्रार तिने मुख्यमंत्री मोरारजी देसाईंकडे नेली. त्यांचे उत्तर आले की, बंदी ती बाई आहे म्हणून घातलेली नाही. तिच्यासमोर नकली पैलवान उभे केले जातात अशा आयोजकांविरुद्धच्या तक्रारी आहेत. म्हणजे बनवाबनवीचा आरोप आयोजकांवर आणि रिंग बंद झाली ती पैलवानाची. युरोपला जाऊन लढायचा तिचा बेतही मोडला. तिने जाऊ नये म्हणून तिचे वस्ताद सलाम पैलवान यांनी मारून तिचा हात मोडला, असे कुटुंबीयांनी पुढे सांगितले. कल्याणमध्ये तिने दूध विकले, खोल्या भाड्याने दिल्या आणि पैसे संपले तेव्हा रस्त्यावर घरचे खाद्यपदार्थ विकले. १९८६ मध्ये ती गेली. ४ मे २०२४ रोजी गूगलने आपल्या मुखपृष्ठावर तिचे चित्र लावले, तेव्हा कल्याण-अंबरनाथच्या कितीतरी लोकांना ती आपल्या शेजारची होती हे प्रथमच कळले असेल.

दारासिंगची गोष्ट निराळी. २९ मे १९६८ रोजी मुंबईत त्याने अमेरिकन मल्ल लू थेझला हरवले आणि तो जगज्जेता म्हणून गाजला. थेझने अमेरिकेतला आपला किताब १९६६ मध्येच जीन किनिस्कीकडे गमावला होता, तेव्हा हे जगज्जेतेपद आयोजकांच्या छापाचे होते. तरी थेझसारखा कसलेला मल्ल दारासिंगला खरा कुस्तीगीर मानत असे, आणि माझ्या लेखी ते मोठे आहे. पण तोवर दारासिंग सिनेमाचाही झाला होता. 'किंगकाँग' १९६२ चा, 'फौलाद' १९६३ चा. रिंगमधले नाव पडद्यावर खपत होते आणि पडद्यावरचे रिंगमध्ये.

मुंबईतल्या या धंद्याची उतरण इथेच सुरू झाली असे मला वाटते. १९५५ मध्ये किंगकाँग आणि टायगर जोगिंदर हेच मल्ल टोकियोत लढत होते. तिथे रिकिदोझान नावाच्या मल्लाने कंपनी काढली, नवे मल्ल तयार केले आणि कुस्ती टीव्हीवर नेली. १९६३ मध्ये तो वारला, तरी त्याच्या चेल्यांनी, अंतोनिओ इनोकी आणि जायंट बाबा यांनी, १९७२ मध्ये दोन नव्या कंपन्या उभ्या केल्या. मुंबईत दूरदर्शनच त्या वर्षी २ ऑक्टोबरला आले. इथल्या रिंगला ना टीव्ही मिळाला, ना तालीम. आयोजक हंगामाचा गल्ला घेऊन मोकळा व्हायचा. गुणी मराठी पोरे कोल्हापूरच्या तालमींतून महाराष्ट्र केसरी आणि हिंद केसरीच्या वाटेने गेली, कारण तिकडे वस्ताद होता, गदा होती. १९८३ मध्ये दारासिंगने दिल्लीत निवृत्ती घेतली, तेव्हा त्याच्या जागी उभे करायला आयोजकांकडे दुसरे नाव नव्हते.

नव्वदीत केबल आली आणि अमेरिकेची कुस्ती घराघरांत शिरली. उंची, वजन, छाती, दंड, लढलेल्या आणि जिंकलेल्या कुस्त्या असे आकडे छापलेल्या डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पत्त्यांवर पोरांची भांडणे होत. त्या पत्त्यांत भारतीय पैलवान शोधूनही सापडत नसे. २०१२ मध्ये पुन्हा एक प्रयत्न झाला. अमेरिकेच्या टीएनए या कुस्ती कंपनीने आणि एंडेमोल या टीव्ही निर्मिती कंपनीने पुण्याच्या बालेवाडीत 'रिंग का किंग' ही कुस्तीची मालिका चित्रित केली. जेफ जॅरेट कर्ता, हरभजन सिंग प्रचाराचा चेहरा. २८ जानेवारीपासून कलर्सवर भाग सुरू झाले आणि एप्रिलमध्ये संपले. महाबली वीरा हा पंजाबी मल्ल त्यातून पुढे अमेरिकेपर्यंत पोचला. दुसरा हंगाम झाला नाही आणि बालेवाडीत त्या कुस्तीची एखादी शाळाही मागे राहिली नाही.

जुलै २०१४ मध्ये वरळीच्या त्याच स्टेडियममध्ये प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला. ती लीग टिकली, कारण तिच्या आधी कित्येक वर्षे मुंबई-ठाण्यातली मंडळे संध्याकाळी मैदान शिंपून, स्वतःच्या खिशातून जर्सी शिवून कबड्डीपटू घडवत होती.