आकडा तोच, काडतूस वेगळं

निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होऊ लागतात. परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या बोरीसारख्या गावांतून येतात त्या मुख्यतः बारा बोअरच्या. क्वचित एखादी .३१५ ची रायफल असते, नाहीतर रानडुकरांपासून ज्वारी-हरभरा राखायला घेतलेली ठासणीची बंदूक. पोलिसांच्या शस्त्रागारातला मामला आणखी निराळा: एसएलआर, इन्सास, एके-४७ आणि वर्षानुवर्षं खांद्यावर मिरवलेली थ्री-नॉट-थ्री. प्रत्येक शस्त्राचं काडतूस वेगळं. पण आपण काडतूस ओळखतो आकड्यावरून, आणि आकडा अर्धीच गोष्ट सांगतो.

७.६२ हा आकडा घ्या. एसएलआरही ‘सेव्हन सिक्स टू’ आणि एके-४७ही ‘सेव्हन सिक्स टू’. हे नळीच्या आतल्या व्यासाचं माप, मिलिमीटरमध्ये. मात्र एसएलआरच्या काडतुसाची पितळी पुंगळी ५१ मिमी लांब, तर एकेची ३९ मिमी. बुडाशीही एकेची पुंगळी अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त बारीक. लांब काडतूस एकेच्या घरात, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीत, शिरतच नाही, म्हणजे तिथे प्रश्न आपोआप मिटतो. उलट आखूड काडतूस लांब घरात सहज जातं, आणि नको ते तिथे घडतं. ‘आत बसलं ना? मग चालेल,’ हा तर्क पान्याला ठीक आहे, रायफलीला नाही.

दुसरं उदाहरण कोल्हापूरकडचं. स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं ते .२२ च्या रायफलीने. त्या रायफलीची गोळी आणि इन्सासची ५.५६ ची गोळी यांच्या व्यासात फरक जवळपास नाहीच. पण .२२ ची गोळी नळीतून निघते ती दीडशे ज्यूलच्या आसपास ऊर्जा घेऊन, तर इन्सासची सतराशेच्या आसपास. व्यासावरून काडतुसाची ताकद कळत नाही ती अशी.

चाप ओढल्यावर आत काय होतं ते पाहू. दारू जळून वायू होतो आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात दाब शिगेला पोचतो. घरातल्या कुकरची शिट्टी होते तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक बारने जास्त असतो. थ्री-नॉट-थ्रीच्या काडतुसासाठी मान्य कमाल दाब आहे ३६५० बार. ७.६२ च्या ५१ मिमीवाल्या काडतुसाच्या नागरी जुळ्या भावाला, म्हणजे .३०८ ला, ४१५० बारपर्यंत मुभा आहे.

हा दाब पितळ पेलत नाही. पुंगळीची भिंत पातळ असते. दाब वाढला की ती फुगून पोलादी घराला घट्ट चिकटते आणि वायूची मागची वाट बंद करते. भार घेतं ते पोलाद. दाब उतरला की पितळ किंचित आक्रसतं, म्हणून रिकामी पुंगळी बाहेर ओढता येते. हा सगळा खेळ पितळामागे लगेच पोलाद असेल तरच जमतो. पुंगळी घरापेक्षा बारीक किंवा आखूड असेल तर तिला आधारापर्यंत ताणावं लागतं आणि ती फाटते. मग तो तप्त वायू बोल्टच्या फटींतून आणि मॅगझिनमधून मागे येतो. मागे नेमबाजाचा डोळा असतो.

उलटी चूकही तितकीच वाईट. गोळी नळीपेक्षा जाड असेल, किंवा पुंगळीच्या तोंडाला उघडायला जागा नसेल, तर वायू अडतो. बिनधुराची दारू दाब वाढेल तशी अधिक वेगाने जळते, म्हणजे दाबच दाबाला वाढवतो. नव्या रायफलीची चाचणी कमाल दाबापेक्षा सुमारे २५ टक्के जास्त दाबाचं काडतूस उडवून घेतात, हे खरं. पण ती गाठीची शिल्लक उष्णतेसाठी आणि झिजेसाठी असते, चुकीच्या काडतुसाचे लाड पुरवायला नाही. १९६२ च्या युद्धानंतर ईशापूरच्या कारखान्याने थ्री-नॉट-थ्रीच्याच घडणीची रायफल ७.६२ साठी बनवली, तेव्हा नुसती नळी बदलून भागलं नाही. अधिक मजबूत पोलाद वापरावं लागलं.

गंमत अशी की आपल्याकडे हा बेमेळ एकेकाळी मुद्दाम घडवलेला होता. लष्कराची काडतुसं बंडखोरांच्या हाती पडली तरी खासगी बंदुकांत चालू नयेत, म्हणून इंग्रजांनी लष्करी मापाच्या बंदुका सामान्य लोकांना नाकारल्या. त्यातून शिकाऱ्यांसाठी .३१५ आलं. आजही .३०३, ७.६२ आणि ५.५६ ही मापं सामान्य परवान्यावर मिळत नाहीत. ही विचारपूर्वक घातलेली आडकाठी गावठी कट्टा मोडून काढतो, कारण त्याच्या नळीचं ना माप ठरलेलं, ना चाचणी झालेली. तो समोरच्यापेक्षा धरणाऱ्यालाच जास्त धोक्याचा, हे माझं मत.

बोरीच्या शिवारात मात्र खरी काळजी बारा बोअरची. इथे आकडा उलटा चालतो: वीस बोअरची नळी बारापेक्षा बारीक, १५.६ मिमी, बाराची १८.५ मिमी. वीसचं काडतूस बाराच्या घरात टाकलं तर ते घसरत पुढे जाऊन घर निमुळतं होत नळीला मिळतं तिथे अडकतं. चाप ओढला तर नुसती टिक. बंदूक उघडली तर घर रिकामं दिसतं. घाईत मागून बाराचं काडतूस भरलं जातं, चाप ओढला जातो, आणि नळी फुटते ती डावा हात असतो त्याच्या आसपास. म्हणूनच वीसचं काडतूस जगभर पिवळ्या रंगाचं करण्याचा प्रघात आहे. बाराची काडतुसं आणि ही पिवळी एकाच पिशवीत ठेवू नयेत.

जुन्या वाड्यांतल्या बंदुकांचा आणखी एक फास आहे. त्यांतल्या कित्येकींचं घर ६५ मिमीचं, तर आजची काडतुसं बहुधा ७० मिमीची. हे ७० मिमी माप उडवल्यानंतरच्या, म्हणजे तोंडाची घडी उलगडलेल्या नळकांड्याचं. न उडवलेलं काडतूस त्याहून बरंच आखूड, त्यामुळे ते जुन्या घरात ऐटीत बसतं. घडी उलगडायला जागा मात्र नसते.

काडतूस हातात आलं की ते उलटं करून बूड बघावं. मध्ये टोपीचा गोल, भोवती ठसे. खडकीच्या १८६९ पासूनच्या दारूगोळा कारखान्याचा ठसा ‘केएफ’, शेजारी बोअर. त्यातला मापाचा मजकूर नळीवर कोरलेल्या मजकुराशी तंतोतंत जुळला पाहिजे; नुसता आकडा जुळून भागत नाही. बार फुसका गेला तर नळी मोकळ्या दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबावं. मग बंदूक रिकामी करावी, आणि नळीतून आरपार उजेड दिसल्याशिवाय दुसरं काडतूस भरू नये.

आजोबांच्या पेटीत हिरवट पडलेली काडतुसं सापडली तर ‘चालतात का बघू’ म्हणून त्यांना हात घालू नका. ठाण्यात कळवा. परवान्याशिवाय काडतूस बाळगणं हाही १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, मग बंदूक घरात असो वा नसो.