कागद ‘मग?’ विचारत नाही

पाचवीतल्या एखाद्या मुलीला सांगा, ‘गांडुळाविषयी माहिती लिही.’ ती लगेच लिहायला बसेल. ‘गांडूळ शेतकऱ्याचा मित्र आहे. त्याला डोळे नसतात. पावसाळ्यात गांडुळे खूप दिसतात. आमच्या अंगणातही आहेत.’ आठवलं तेवढं उतरलं की पेन्सिल खाली.

टोरांटोच्या कार्ल बेरायटर आणि मार्लीन स्कारडामालिया यांनी मुलांची ही रीत बारकाईने अभ्यासली. १९८७ मध्ये त्यांचं त्यावरचं पुस्तक आलं. त्यातली एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. मूल थांबल्यावर त्याला नुसतं ‘अजून लिही’ म्हटलं, तरी आणखी बरंच काही बाहेर येतं! म्हणजे माहिती आत होतीच. बोलताना समोरचा माणूस ‘मग?’, ‘म्हणजे काय?’ करत राहतो आणि मूल सांगत जातं. कागद मात्र ढिम्म. हे विचारणारं माणूस मुलाला स्वतःच्याच डोक्यात वसवावं लागतं, आणि ते हळूहळूच जमतं.

तोवर प्रश्न शिक्षकांनी उसने द्यायचे. ‘डोळे नाहीत, तर त्याला उजेड कसा कळतो?’ मुलगी अडते. पुस्तक उघडते. गांडुळाच्या त्वचेतच उजेड ओळखणाऱ्या पेशी असतात! खुद्द डार्विनने कुंड्यांमध्ये गांडुळं पाळून, रात्री त्यांच्यावर दिवा धरून पाहिलं होतं. १८८१ मधलं त्याचं शेवटचं पुस्तक गांडुळांवरच आहे. मग ‘पाय नाहीत, तर चालतं कसं?’ गांडूळ क्षणभर जाड कागदावर ठेवून कान जवळ नेला, तर बारीक खरखर ऐकू येते. त्याच्या अंगावरचे इवलेसे राठ केस कागदाला घासत असतात. त्यांनीच ते मातीत पकड घेतं.

आता दुसरा खर्डा. ‘गांडुळाला डोळे नसतात, पण उजेड पडला की ते बिळात शिरते, कारण...’ सुटी वाक्यं एकमेकांना धरू लागतात. निबंधाचा साचा पाठ करून हे येत नाही, असं माझं ठाम मत आहे. ‘आमच्या अंगणातही आहेत’ हे शेवटचं वाक्य उचलून ती पहिलं करते, म्हणजे वाचणाऱ्याला गांडूळ कुठे शोधायचं ते कळेल. ‘शेतकऱ्याचा मित्र’ यापाशी ती आपणहून थांबते. मित्र म्हणजे करतं काय? ते खोडून ती लिहिते, ‘गांडूळ जमिनीत बोगदे करते, त्यामुळे हवा आणि पाणी मुळांपर्यंत पोचते.’ हा प्रश्न तिला कोणीही विचारलेला नव्हता.