गारपीट व उंचावरील वारे

सन २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चांत गारपिटीनें मराठवाडा, विदर्भ व उत्तर महाराष्ट्र येथील गहूं, हरभरा व द्राक्षें झोडपलीं, हें वाचक विसरले नसतील. तिचें एक मोठें कारण सुमारें १२ किलोमीटर उंचीवर होतें. हिवाळ्यांत तेथें, हिमालयाच्या दक्षिणेस, पश्चिमेकडून पूर्वेकडे ताशीं १०० किलोमीटरांहून अधिक वेगानें वारा वाहतो. त्यास जेट प्रवाह म्हणतात. हा प्रवाह दक्षिणेकडे वांकला, म्हणजे वरची थंड हवा आपल्या प्रांतावर येते. खालची, समुद्रावरून आलेली दमट हवा तापून तींत वेगानें चढते, आणि गारांचे ढग उभे राहतात. म्हणून बांधावर वारा शांत आहे एवढ्यावरच निर्धास्त राहूं नये. वेधशाळेचा इशारा मिळतांच कापलेलें पीक झांकून ठेवावें, असें आम्ही आग्रहानें सुचवितों.