टायर व रिम यांचा मेळ

चिखलात पकड वाढावी म्हणून जुन्याच रिमवर अधिक रुंद टायर चढविण्याची चाल कित्येक ट्रॅक्टरधारकांत पडली आहे. ती हितावह नाही. टायरवर १३.६-२८ असे माप असते. पैकी १३.६ ही टायरची नाममात्र रुंदी व २८ हा रिमचा व्यास, दोन्ही इंचांत. रिमची रुंदी मात्र रिमवरच पाहावी लागते. घोटाळा येथेच होतो. व्यास जुळला की टायर बसतो. पण रिम अरुंद असल्यास त्याच्या बाजू आवळतात, माथा फुगतो, मध्यभाग लवकर झिजतो व पकड उलट घटते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ९५ वा नियम टायरचे माप व प्लाय यांविषयी आहे. तसेच मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ अन्वये, नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकास करता येत नाही.

सबब खरेदीपूर्वी पुस्तिकेतील कोष्टक पाहावे, रिमवरील अक्षरे वाचावीत व पावतीवर माप लिहून घ्यावे. सातबारा एक व बांध दुसरा असला म्हणजे काय होते, हे आम्ही दप्तरात पुष्कळ पाहिले आहे. अपघातानंतर वाद उपस्थित झाल्यास येथेही कागदच बोलतो.