बारा इंची पट्टी आणि अर्धा सूत

जूनचा तिसरा आठवडा आहे. नागपूरच्या महालात, गांधी दरवाजाजवळच्या एका गल्लीत सायकल दुरुस्तीचं दुकान नुकतंच उघडलंय आणि पायरीसमोर सायकलींची रांग लागलीय. राज्यात इतरत्र शाळा सुरू झाल्या आहेत. विदर्भात उन्हामुळे त्या महिनाअखेरीस उघडतात, म्हणून गच्चीवर, जिन्याखाली, कूलरच्या मागे पडून राहिलेल्या सायकली याच आठवड्यात एकदम बाहेर निघतात. पावसाचे एकदोन शिडकावे होऊन गेलेत. तेवढ्यानं धूळ काही बसलेली नाही, उकाडा तेवढा वाढलाय.

माझा नंबर यायला वेळ आहे. मी बाकड्यावर बसून मिस्त्रींचे हात पाहतोय. साठीच्या आसपासचा माणूस. समोर डिझेलचं घमेलं, दात घासायचा जुना ब्रश, पान्यांची पेटी. मागच्या भिंतीवर खिळ्याला स्टीलची बारा इंची पट्टी टांगलेली. चेनची तक्रार घेऊन कुणी आलं की मिस्त्री आधी ती पट्टी काढतात, पाना नंतर.

अकरावी-बारावीतला एक मुलगा सात गिअरची सायकल पुढे ढकलतो. "काका, पायडल जोरात मारलं का खट्कन उडते."

"चेन कधी बदलली?"

"बदलली नाही. घेतली तेव्हाचीच आहे."

मिस्त्री पायडलवर हलका दाब देतात. चेनची वरची बाजू ताठ होते. पट्टीचं शून्य ते एका पिनेच्या बरोबर मधोमध धरतात आणि बारा इंचांच्या खुणेकडे बोट नेतात. सायकलच्या चेनची प्रत्येक कडी अर्ध्या इंचाची. बारा इंचांत चोवीस कड्या. चेन नवी असेल तर पंचविसावी पिन नेमकी बाराच्या रेघेवर येते. या मुलाच्या चेनची पिन रेघ ओलांडून पुढे गेलीय.

"दीड सूत," मिस्त्री म्हणतात. "अर्ध्या सुतावर आला असता तं नुसत्या चेनवर भागलं असतं. आता मांगचं फ्रीव्हीलबी गेलं."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्यांचा हिशेब सरळ आहे. गिअरच्या सायकलला अर्धा सूत वाढ दिसली की चेन बदलायची. बिनगिअरची, जाड चेनची सायकल एक सूत सहन करते. त्यापुढे थांबलं की चेन एकटी जात नाही, ज्या दातांवर ती फिरते तेही घेऊन जाते. जगभरातले जाणकार सायकलवाले हेच माप वापरतात, आणि त्याला लागतं काय, तर शाळेच्या कंपासपेटीबाहेरची एक लांब पट्टी.

आपण सगळे म्हणतो की चेन ताणली, लांबली. पण लोखंड लांबत नाही. मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्डने १८८० मध्ये जी बुश-रोलर चेन काढली, तिच्यात दोन पट्ट्या, मधे पिन, पिनेभोवती बुश आणि त्यावर फिरता रोलर अशी रचना होती. आजच्या गिअरच्या चेनमध्ये वेगळं बुश उरलेलं नाही, पण सांधा तसाच चालतो. दातावर चढताना आणि उतरताना पिन आतल्या आत थोडी वळते, घासते, झिजते. एक सूत वाढलेल्या चेनमध्ये एका सांध्याची झीज मिलिमीटरचा आठवा भाग असते, डोळ्याला दिसणारच नाही. शंभरावर सांधे मिळून ती अर्ध्या इंचावर जाते. मग चेनची कडी दातांच्या बेचक्यात बसत नाही, दाताच्या वरच्या अंगाला चढून बसते, आणि सगळा जोर तिथं येऊन दात खाल्ला जातो.

मुलगा दप्तरातून एक खोकं काढतो. मोबाइलवरून मागवलेली, चकचकीत, महागाची चेन. मिस्त्री खोक्यावरचा आकडा वाचतात आणि परत करतात.

"हे दहा गिअरची आहे बाबू. तुझे सात. चालत नाई."

चेनची लांबी कापून कमी करता येते, रुंदी मात्र पहिल्यापासून बरोबर हवी. बिनगिअरच्या सायकलची चेन आतून इंचाचा आठवा भाग रुंद असते. गिअरची त्याहून अरुंद. मागे सहा, सात किंवा आठ चक्रं असतील तर एकाच मापाची चेन चालते; नऊ, दहा, अकरा अशी चक्रं वाढली की चेन बाहेरून बारीक होत जाते, कारण चक्रांमधली जागा कमी होते. म्हणून दुकानात जाताना मागची चक्रं मोजून जावं. किमतीवरून ठरवणारे इथंच फसतात. दहा गिअरची चेन महाग आहे म्हणून सातवर जास्त टिकत नाही. पैसे घालायचेच तर निकेलच्या मुलाम्याच्या चेनवर घालावेत. पावसात गंज उशिरा धरतो.

मिस्त्री स्वतःजवळची सात-आठ गिअरची चेन काढतात आणि जुन्या चेनच्या कड्या मोजू लागतात. शेजारी ठेवून लांबीवरून कापत नाहीत. जुनी लांबलेली आहे, तिच्या मापानं नवी कापली तर चुकेल. एकशे आठ कड्या. नवीही तेवढ्याच कड्यांची होते. मग ते दोन्ही चेन एकाच खिळ्याला लटकवतात. जुनीचं टोक पाऊण इंचापेक्षा जास्त खाली लोंबतंय. रांगेतले सगळे पुढे येऊन पाहतात. एवढा स्पष्ट धडा कुठल्या पुस्तकात मिळेल असं मला वाटत नाही.

मुलगा रोज पहाटे अंबाझरीकडे जातो. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची, सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' एकट्यानं पूर्ण केली, तेव्हापासून त्याच्या डोक्यात सायकल आहे. मिस्त्री ऐकतात आणि उघडलेलं फ्रीव्हील त्याच्या हातात देतात. दात एका अंगानं खाल्लेले, टोकं वाकलेली. "लांब जायचं ना? तं महिन्यातून एकदा हे पट्टी लावून पाय."

आता एका इमारतीवर चौकीदारी करणारे काका येतात. काळी, बावीस इंची, सरळ दांड्याची सायकल. तक्रार ब्रेकची आहे, पण मिस्त्री चेनकव्हरचे स्क्रू काढतात. दोन्ही बाजूंनी पूर्ण बंद पत्र्याचं कव्हर, जुन्या पद्धतीचं. आतली चेन काळपट, कोरडी, पण स्वच्छ. पट्टी लावतात तर पिन रेघेच्या जेमतेम पुढे, अर्ध्या सुताच्याही आत. काकांना ही चेन कधी बसवली ते सांगता येत नाही. आणि ते रोज मानेवाड्याहून येतात-जातात.

या जुन्या सायकलीत जादू नाही. चेन जाड आहे, गिअर नसल्यानं ती कायम सरळ रेषेत धावते, तिरकी ओढली जात नाही. आणि मुख्य म्हणजे ती झाकलेली आहे. इंग्लंडच्या सनबीम कंपनीनं तर चेन झाकून तेलातच फिरवायचं कव्हर काढलं होतं आणि त्या सायकली टिकण्यासाठीच नावाजल्या गेल्या. रांगेतल्या मुलांच्या सायकली पाहतो. बहुतेकांना वरच्या बाजूला प्लॅस्टिकची एक पट्टी, पॅन्ट अडकू नये एवढ्यापुरती. खालून, आतून चेन उघडी. पुढच्या चाकानं उडवलेली धूळ आणि चिखल थेट तिच्यावर. मला हे चुकीचं वाटतं. शाळेत जाणाऱ्या मुलीच्या सायकलला डोंगर चढायचा नसतो. तिला सिमेंट रस्त्याच्या कडेच्या बारीक वाळूतून आणि जुलैच्या काळ्या चिखलातून रोज जायचं असतं.

अशीच एक मुलगी आईबरोबर उभी आहे. तिच्या चेनवर काळा, जाड, चिकट लेप.

"दर आठवड्याला तेल टाकते भाऊ मी," आई म्हणते. "तरी करकर करते."

"कोणतं तेल?"

"ह्यांच्या गाडीचं सर्व्हिसिंग होते ना, तेव्हा निघते ते."

"तेल कमी नाई पडलं ताई, बाहेरून जास्त पडलं." मिस्त्री लेप बोटावर घेऊन चोळतात आणि बोट त्यांच्यापुढे धरतात. आत कण कचकचतात. जळक्या ऑइलमध्ये इंजिनाच्या झिजेचे कण आणि काजळी आधीच असते. वर धूळ चिकटली की दात आणि पिना घासायचा मसाला तयार. खोबरेल टाकणारेही पुष्कळ. ते काही दिवसांत चिकट होऊन बसतं.

चेन निघते, डिझेलमध्ये पडते. ब्रश फिरतो, घमेल्याच्या तळाशी वाळू बसते. मग फडकं, मग ऊन. पूर्ण वाळल्याशिवाय मिस्त्री तेलाला हात लावत नाहीत. वाळल्यावर चेन चढते. लॉकची पत्ती बसवताना तिचं बंद टोक ते चेन धावते त्या दिशेला ठेवतात, उलटी बसली तर कशाला तरी लागून ती निघू शकते. मागचं चाक ओढून चेनला वरखाली अर्धा इंच ढिलाई ठेवतात. मग कुपीतून प्रत्येक रोलरवर एक थेंब. पायडल उलटं फिरवतात, थोडं थांबतात, आणि कोरड्या फडक्यानं बाहेरचं सगळं तेल पुसून टाकतात. आईला ते पाहवत नाही. "आत्ताच टाकलं नं, पुसून काहून टाकता?"

"लागते ते आत गेलं. बाहेरचं धूळ धरते."

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९९९ मध्ये सायकलच्या चेनवर प्रयोग झाले. प्रयोगशाळेच्या स्वच्छ हवेत तेलानं चेनच्या कार्यक्षमतेत लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. पण रस्त्यावर तेल लागतंच, ते झीज आणि गंज थोपवण्यासाठी, आणि झीज होते पिनेपाशी. मिस्त्रींनी तो प्रयोग वाचलेला नाही. पण त्यांचं फडकं तेल नेमकं पिनेपाशीच ठेवतंय.

उन्हाळ्यात पातळ तेल, कमी. पावसात थोडं दाट, आणि भिजून आल्यावर त्याच रात्री पुसून पुन्हा थेंब. नव्या चेनला कारखान्यातून ग्रीस लागूनच येतं. ते धुवायचं नाही, फक्त वरून पुसायचं. आई हे सगळं मुलीला मोबाइलमध्ये लिहायला लावते.

तर शाळा उघडायच्या आत मुलांच्या सायकलला पट्टी लावून पाहा. अर्धा सूत दिसला तर चेन लगेच बदला, फ्रीव्हील वाचेल. नवी सायकल घेताना गिअरच्या आधी पूर्ण बंद चेनकव्हर मागा. आणि राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून गडचिरोली-चंद्रपूरकडच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात, त्यांच्या खरेदीच्या अटींतही हे कव्हर असावं. त्या गावांत पट्टी लावून देणारे मिस्त्री जवळ नसतात.