आजोबांना ‘डिजिटल अटक’, पैसे मात्र कॉलेजकुमाराच्या खात्यात!

व्हिडिओ कॉल येतो. समोर खाकी गणवेश. ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत. कॅमेऱ्यासमोरून हलू नका, घरात कुणाला सांगू नका.’ साहेबाचा शब्द मोडायचा नाही, ही जुन्या पिढीची सवय. तीच इथे घात करते. मुदत ठेव मोडून ‘तपासणीसाठी’ पैसे पाठवले जातात. प्रत्यक्षात ‘डिजिटल अटक’ असा प्रकार कायद्यात नाहीच. ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनीही हेच सांगितले होते.

पैसे जातात कुठे?

भामटे सहसा स्वतःचे खाते वापरत नाहीत. ते भाड्याने घेतात आणि इथे तरुण मुले गळाला लागतात. ‘पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दे, कमिशन घे,’ असे एखादा ओळखीचाच सांगतो. मित्राला गाडीची किल्ली द्यावी तसे खाते दिले जाते. आपण कुणाला फसवले नाही, असे मुलाला वाटते. पण तपासात पहिले नाव खातेदाराचेच निघते.

काय कराल?

असा कॉल सरळ कट करा, काहीही होत नाही. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर कळवा. रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी ती गोठवता येऊ शकते. लाजेपायी रात्र घालवलीत, तर ती संधी जाते. आणि मुलाने कार्ड कुणाला दिले असेल, तर रागावणे नंतर. आधी बँकेला कळवून खात्याचे व्यवहार थांबवा.