छप्पर पत्र्याचे, ऊब पेटीची

गिनीपिग हा प्राणी नावाने आपल्याला दोनदा फसवतो. तो गिनी देशातला नाही आणि डुकराच्या जातीचाही नाही. तो आहे उंदीर-खारीप्रमाणे कुरतडणारा प्राणी, मूळचा दक्षिण अमेरिकेतला. अँडीज पर्वतातील लोक त्याला हजारो वर्षांपासून पाळत आले आहेत, आणि तेही बहुधा घरातच, चुलीच्या उबेला. त्यामुळे घराबाहेर, अंगणातल्या शेडमध्ये ठेवला की त्याची जबाबदारी आपल्यावर येते.

अशी शेड कशी असावी? कोल्हापूर जिल्ह्यातील कागल पंचतारांकित एमआयडीसीच्या परिसराचेच उदाहरण घेऊ. ‘पंचतारांकित’ म्हटले की हॉटेल आठवते. पण येथे आहेत कारखाने, त्यांची पत्र्याची छपरे आणि आसपास उसाची शेते. समजा, तुमचे घर या भागात आहे आणि घरामागे तुम्ही गिनीपिगांची एक जोडी ठेवली आहे. हिवाळ्यात येथे पहाटे पारा १५ अंश सेल्सियसच्या आसपास, कधी त्याखालीही उतरतो. गिनीपिगाला मानवते ते सुमारे १८ ते २४ अंशांचे तापमान. म्हणजे थंडी आहे. आणि उसाचे फड म्हणजे उंदीर-घुशींचे माहेरघर!

तुम्ही म्हणाल, “सोपे आहे! छपरावर उसाच्या पाचटाचा जाड थर टाकू, म्हणजे शेड उबदार राहील.” राहील खरी, पण त्या पाचटात पहिला बिऱ्हाडकरू येईल तो उंदीर. त्याच्या अंगावर पिसवा असतील आणि त्याच्या मागावर एखादे दिवशी सापही येईल. थंडीवरचा उपाय किडींना आमंत्रण देतो, ही खरी अडचण आहे. तिचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला शंभराहून अधिक वर्षे मागे, मुंबईच्या परळला जावे लागेल.

परळच्या सहा कोठड्या

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा पुढे परळला गेली; तीच आजची हाफकिन संस्था. पण रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातो कसा, हे कोडे सुटले नव्हते. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून उंदरांवरील पिसवांकडे बोट दाखवले होते. पण अनेकांना ते पटले नाही.

१९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने परळला या प्रश्नाचा छडा लावला. त्यासाठी सहा छोट्या कोठड्या बांधल्या. सगळ्या सारख्या, फरक फक्त छपराचा. दोन कोठड्यांवर देशी कौले, दोनांवर सपाट कौले आणि दोनांवर नालीदार पत्रा. छपराखाली तारेची जाळी बसवली. उंदीर खाली येऊ शकत नव्हते, पिसवा मात्र पडू शकत होत्या. मग कोठड्यांत प्लेग झालेले आणि निरोगी गिनीपिग एकत्र सोडले.

काय झाले असेल? कौलारू कोठड्यांत, जेथे उंदीर सुखाने नांदत होते, तेथे निरोगी गिनीपिगांनाही प्लेग झाला. पत्र्याच्या छपरात उंदरांना थारा नव्हता. तेथे रोगी सोबत्यांच्या अंगाला अंग लावून राहूनही निरोगी गिनीपिग वाचले! रोग पसरवणारी हवा नव्हती, स्पर्शही नव्हता, पिसू होती. आणखी एक प्रयोग पाहा. जमिनीपासून २ इंचांवर ठेवलेल्या पिंजऱ्यातील गिनीपिगांना लागण झाली. २ फुटांवर टांगलेल्यांना झाली नाही. उंदरावरच्या पिसूची उडी तेवढी उंच जात नाही, हे त्याचे कारण.

या प्रयोगांत कित्येक मुक्या जिवांचे प्राण गेले, आणि त्यातून माणसाला प्लेगचा मार्ग कळला. त्यांच्याच भाईबंदांना सांभाळताना ते धडे वापरणे हे आपले कर्तव्यच नाही का?

शेडचे काम, पेटीचे काम

पहिला धडा : छप्पर पत्र्याचेच ठेवा. त्यावर पाचट नको, आत अडगळही नको. दुसरा धडा : पिंजरा जमिनीपासून किमान २ फूट उंच ठेवा. पायांना पत्र्याचे उलटे शंकू बसवा, म्हणजे उंदीर चढताना अडतो. पूर्वी घरोघरी जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत. तीच युक्ती मुंग्यांवर येथेही चालते. शिसपेन्सिल जाईल एवढ्या फटीतून उंदराचे पिल्लू आत शिरते, म्हणून जाळीची भोके त्याहून बारीक हवीत. दाराखालच्या फटीला पत्र्याची पट्टी मारा.

पिसवांची अंडी अंगावरून गळून जमिनीवर पडतात आणि अळ्या ओलसर धुळीत वाढतात. तेव्हा जमीन रोज झाडा, दाणे सांडू देऊ नका, ओले गवत त्याच दिवशी काढा. नवा गिनीपिग आणला तर दोन-तीन आठवडे वेगळा ठेवा. अंग सतत खाजवणे, केस गळणे ही खरजेच्या बारीक किड्यांची खूण असू शकते. अशा वेळी कुत्र्यासाठी आणलेली पावडर किंवा औषध त्याच्यावर मारू नका; त्यातील काही औषधे त्याला घातक ठरतात. सरळ पशुवैद्याकडे जा.

आता ऊब. पत्र्यातून उष्णता झपाट्याने जाते. लोखंड हवेपेक्षा हजारपटींहूनही चांगले उष्णतावाहक आहे. शिवाय निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता प्रारित करून भोवतालच्या हवेहूनही गार होतो. पहाटे त्याच्या आतल्या बाजूस दव जमते ते यामुळेच. म्हणून सगळी शेड गरम करण्याच्या भरीस पडू नका. ऊब पेटीत साठवा.

पिंजऱ्यात एका बाजूला जाड फळीची लाकडी पेटी ठेवा, दोघे बसतील एवढीच. तिला लहान दार ठेवा आणि आत भरपूर कोरडे, मऊ गवत घाला. गवताच्या काड्यांमध्ये स्थिर हवा अडकते आणि ही हवा उष्णतेची मंदवाहक असते. भट्टी कोणती म्हणाल, तर खुद्द गिनीपिगच! त्याच्या शरीराचे तापमान सुमारे ३८ ते ३९ अंश असते. दोघे बिलगून बसले की उघडे अंग कमी राहते आणि उष्णता कमी जाते. पाचट उंदरांना लपवते, मग गवत का नाही? कारण ते मूठभर असते आणि आपण ते रोज उलगडून पाहतो, बदलतो.

एक काळजी घ्या. कारखान्यांतून मिळणाऱ्या लाकडी खोक्यांवर तेल किंवा रसायन सांडलेले नाही ना, ते पाहा. थर्मोकोल नको, ते कुरतडून पोटात जाते. कोरड्या गवताजवळ विजेचा दिवा तर मुळीच नको. फार थंडी पडली तर गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून ठेवा. वरच्या बाजूस जाळीची खिडकी उघडी राहू द्या. कोंडलेल्या शेडमध्ये मूत्रातला अमोनिया साचतो आणि फुप्फुसे बिघडतात.

एप्रिल-मेमध्ये मात्र हाच पत्रा तापतो, आणि उष्मा गिनीपिगाला थंडीपेक्षाही लवकर मारतो. तेव्हा छपराला चुना लावा, शेडवर सावली करा आणि दुपारी त्यांना घरातल्या गार खोलीत आणा.

करून पाहा

एकसारख्या तीन बाटल्यांत सारखेच गरम पाणी भरा. एक उघडी ठेवा, दुसरी कोरड्या गवतात आणि तिसरी भिजलेल्या गवतात पुरा. तासभर दर १० मिनिटांनी तापमापीने तापमान घ्या आणि तिन्हींचा आलेख एकाच कागदावर काढा. गवत तेच, मग दुसऱ्या आणि तिसऱ्या रेषेत फरक का पडला? याचे उत्तर तुम्हाला स्वतःच्या शब्दांत देता आले, की पेटीतले ओले गवत रोज का बदलायचे, हे कोणी सांगण्याची गरज उरणार नाही.